कॉर्बेटची रायफल आणि कॉर्बेटची भिंत

सोयाबीनच्या शेंगा भरू लागल्या की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्याची रात्रीची झोप संपते. राळेगाव घ्या, मारेगाव घ्या, झरी-जामणी, घाटंजी, केळापूर, कोणताही तालुका घ्या. जंगलाच्या काठावरच्या शिवारात तेच चित्र दिसते. संध्याकाळची भाकर खाऊन माणूस टॉर्च, काठी आणि सुतळी बॉम्बची पुडी घेऊन जागलीला जातो आणि उजाडल्यावर तांबारलेल्या डोळ्यांनी घरी येतो. मध्ये डुलकी लागली तर रानडुकरांचा कळप शेत उकरून मोकळा होतो. तूर आणि हरभरा रोही खातात. घरातली जुनी लुगडी धुऱ्याने बांधून झाली, बुजगावणी झाली, अलीकडे झटका मशीनही आले. तरी पारावरच्या गप्पा शेवटी एकाच जागी येऊन थांबतात, ती म्हणजे बंदूक.

बँकेत मी बरीच वर्षे शेतकी कर्जाचे टेबल सांभाळले. विहिरीसाठी, पंपासाठी, बैलजोडीसाठी, तारेच्या कुंपणासाठी अर्ज आले; बंदुकीसाठी एकही आला नाही. पण कागद पुढे सरकवून झाला की गोष्टी बंदुकीच्याच निघत. कोणती घ्यावी, किती पल्ल्याची घ्यावी, वर दुर्बीण बसवलेली रायफल मिळते का, डुकराला बारा बोअर पुरते का? आमच्या शाखेच्या दारात बसणाऱ्या पहारेकऱ्याकडे एक दुनळी होती, तिच्याकडे बोट दाखवून तिची किंमत विचारणारेही भेटले. त्या पहारेकऱ्याने ती उभ्या नोकरीत कधी उडवली असेल असे मला वाटत नाही.

या प्रश्नांना खरे उत्तर देऊ शकेल असा माणूस १९५५ साली केनियात वारला. त्याचे नाव जिम कॉर्बेट. आपल्याकडे त्याला नरभक्षक वाघांचा कर्दनकाळ म्हणून शाळकरी पोरेही ओळखतात. त्याच्या कथा मराठीत आल्या, घराघरांत वाचल्या गेल्या. परंतु त्या कथांत वाघ एवढा मोठा होऊन बसतो की कॉर्बेटच्या हातात काय होते आणि ते त्याने का निवडले होते, इकडे आपले लक्षच जात नाही. त्याचे आयुष्य या एका बाजूने पाहिले तर त्यात आमच्या जागलीवरच्या माणसाच्या उपयोगाचे बरेच सापडते.

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथे पोस्टमास्तर. घरात मुलांची रांग, आणि जिम सहा वर्षांचा होण्याआधीच वडील गेले. आई मेरी जेन ही मोठी खंबीर बाई. उन्हाळ्यात नैनिताल आणि हिवाळ्यात खाली तराईच्या काठावर काळाढुंगी, असा त्या कुटुंबाचा वर्षाचा फेरा असे. साहेबाचे घर म्हणून आपण समजतो तशी श्रीमंती तिथे नव्हती. पोरगा मोकळा सुटला तो काळाढुंगीच्या रानात. कुंवरसिंग नावाचा एक चोरटा शिकारी त्याचा गुरू झाला. कोणता आवाज कोणाचा, कोणते पाखरू कोणाला पाहून ओरडते, वाळूतला माग किती वेळापूर्वीचा, हे शिक्षण त्याला तिथे मिळाले.

हत्यारांची चढण मात्र हळूहळू झाली. आधी बेचकी, मग मातीच्या गोळ्या मारायचे धनुष्य, मग बाणांचे धनुष्य. कुमाऊँच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या डीझ नावाच्या गृहस्थाला तो नमुन्यासाठी पक्षी मारून आणून देई. त्याच्या बदल्यात डीझने त्याला एक जुनी ठासणीची दुनळी दिली. तिची उजवी नळी फुटलेली होती आणि दस्ता पितळेच्या तारेने नळ्यांना बांधलेला होता. म्हणजे कामाची नळी एकच. बार उडाला की पुन्हा दारू ठासायची, छर्रे घालायचे, वर टोपी बसवायची. तेवढ्यात सावज दोन डोंगर ओलांडून गेलेले असे. अशी बंदूक हाती आलेला मुलगा दोन गोष्टी शिकतो, किंवा शिकार सोडून देतो. पहिली, जमेल तितके जवळ जायचे. दुसरी, खात्री झाल्याशिवाय चाप ओढायचा नाही.

आमच्या भागात अशा बंदुकीला भरमार म्हणतात. एकोणीसशे एकोणसाठच्या शस्त्र कायद्यात पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, हे कित्येकांना ठाऊक नसते. कायदा करणाऱ्यांच्याही डोळ्यांपुढे शेतकरी आणि डुक्कर होते, एवढा त्याचा अर्थ.

जिम दहा वर्षांचा असताना शाळेच्या कॅडेट तुकडीत होता. त्याची नेमबाजी पाहून तिथल्या सार्जंट मेजरने त्याला ४५० बोअरची मार्टिनी रायफल वापरायला दिली. काडतुसेही देऊ केली. अट एवढीच की रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसे मोजून परत आणायची. ही मार्टिनी खांद्याला घोड्याच्या लाथेसारखा दणका देई. तिनेच त्याने पहिला बिबळ्या मारला. पोर वयात एवढा दणका खाल्लेल्या माणसाला पुढे हलक्या रायफलीची किंमत कळली असेल तर त्यात नवल नाही.

अठराव्या वर्षाच्या सुमारास तो रेल्वेत चिकटला. बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत आधी इंजिनांच्या जळाऊ लाकडावर देखरेख, मग गंगेकाठी मोकामाघाटला माल एका गाडीतून दुसरीत चढवण्याचे कंत्राट. तिथे त्याने वीस वर्षांहून अधिक काळ काढला. मजुरांबरोबर कोळसा उपसला, त्यांच्या पोरांसाठी शाळा काढली. शिकारीचे दिवस म्हणजे सुट्टीचे दिवस. जन्मभर व्याघ्रकथांत वावरलेल्या या माणसाचा मुख्य धंदा हमालीचे कंत्राट हा होता, हे मला त्याच्याबद्दल सगळ्यात आवडते.

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीसाठी त्याला बोलावणे आले. नेपाळात दोनशे आणि कुमाऊँत दोनशे चौतीस, एवढी माणसे तिच्या नावावर मांडलेली होती. कॉर्बेटने सरकारला दोन अटी घातल्या. तिच्यावर लावलेले बक्षीस रद्द करायचे, आणि तिच्या मागावर असलेले बाकीचे शिकारी व शिपाई माघारी बोलवायचे. पैशासाठी मारणारा म्हणून त्याला नाव नको होते. शिवाय एका रानात दहा बंदुका फिरू लागल्या की वाघापेक्षा माणसांचेच भय अधिक, हेही तो ओळखून होता.

या चंपावतच्या शिकारीत हत्यारांची जी फजिती झाली ती त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. गावकऱ्यांचा हाका निघाला तेव्हा त्याच्याजवळ पाचशे बोअरची दुनळी रायफल होती आणि काडतुसे फक्त तीन. एक वाया गेले, दोन लागली, वाघीण पडली नाही आणि खिसा रिकामा झाला. तो धावत तहसीलदाराकडे गेला आणि त्याची जुनी छर्ऱ्याची बंदूक उचलून परत आला. जवळ पोचल्यावर त्याच्या लक्षात आले की या बंदुकीच्या नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यामध्ये चांगली बोटभर फट आहे. तरी त्याने बार काढला. नेम धरला होता उघड्या जबड्यावर, लागला पुढच्या पंजाला. सुदैवाने वाघीण आधीच्या दोन गोळ्यांनी संपत आली होती.

पण या गोष्टीतला खरा मुद्दा वाघीण मेल्यावर उघडा पडला. तिच्या जबड्याच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले होते, खालचा तर मुळापासून. कोणीतरी वर्षांपूर्वी झाडलेल्या गोळीचा तो परिणाम, असा कॉर्बेटचा निष्कर्ष होता. नेहमीचे सावज मारता येईना म्हणून ती माणसांकडे वळली. म्हणजे चारशेहून अधिक माणसांच्या मरणाच्या मुळाशी एका अज्ञात शिकाऱ्याचा अर्धवट नेम होता. तो घरी जाऊन जेवला असेल, चुकली म्हणाला असेल आणि विसरलाही असेल.

या कामाबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्युएट यांनी कॉर्बेटला एक रायफल भेट दिली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, २७५ बोअरची, दस्त्यावर चांदीची पट्टी. हिच्या नळीचे भोक पाव इंचाहून किंचित मोठे, म्हणजे सात मिलिमीटरचे. माउझर पद्धतीची खटक्याची रचना, एका बाजूने खिट्टी ओढून काडतूस बसवायचे. अशा रायफलीचे वजन साडेतीन किलोच्या आसपास असते. मोठ्या जनावरांसाठी कॉर्बेटजवळ जेफ्री कंपनीची एक जड दुनळीही होती, आणि शेवटचा मोठा नरभक्षक, ठाकची वाघीण, १९३८ साली त्याने जड रायफलीनेच मारला. पण हातात कायम असे ती ही हलकी रिग्बी.

त्या काळी साहेब लोकांत मोठ्या बोअरची चढाओढ असे. गोळी जेवढी जाड तेवढा साहेब मोठा. कॉर्बेटने उलटा हिशेब केला. रोज डोंगरातून पंधरा-वीस मैल चालायचे तर ओझे कमी हवे. खांद्याला दणका कमी बसला तर चाप ओढताना डोळे मिटत नाहीत. आणि गोळी नेमकी जागी बसली तर ती सात मिलिमीटरचीही पुरते. चुकीच्या जागी बसली तर अर्ध्या इंचाचीही जनावराला नुसते जखमी करून सोडते. बंदूक घ्यायला निघालेल्या कोणालाही, मग तो कोणत्याही देशातला असो, मला यापलीकडे काही सांगता येणार नाही.

हलक्या रायफलीने त्याचा जीव वाचवला तो प्रसंग चौगढचा. तारीख ११ एप्रिल १९३०. एका ओढ्यात उतरताना त्याला रातव्याची दोन अंडी दिसली. अंडी जमवण्याचा नाद होता, म्हणून ती डाव्या हातात घेतली. उजव्या हातात रिग्बी. एका मोठ्या खडकाला वळसा घातला आणि मागे पाहतो तो आठ फुटांवर वाघीण, पुढचे पाय पसरून, सगळे चेहऱ्यावर आणून त्याच्याकडे पाहत बसलेली. डाव्या हातात अंडी असल्यामुळे त्याला झटका देऊन वळता येईना. त्याने एकाच हाताने रायफल इंचाइंचाने फिरवत आणली, हात पूर्ण लांब झाला आणि गोळी सुटली. अंडी नसती तर आपण दोन हातांनी घाई केली असती, आणि रायफल जड असती तर एका हाताने ती तोललीच नसती, असा त्याने नंतर हिशेब मांडला. अंडी त्याने परत नेऊन घरट्यात ठेवली. अर्ध्या तासाने पक्षीण त्यांवर येऊन बसली होती. एका वाघिणीच्या मरणाच्या दिवशी दोन अंड्यांची एवढी काळजी, हे त्या माणसाचे विचित्र आणि मोठेपण दाखवणारे मिश्रण आहे.

आता दुर्बिणीकडे वळू, कारण आमच्याकडच्या पोरांना तिचेच आकर्षण फार. कॉर्बेटच्या रिग्बीवर दुर्बीण नव्हती. मागची खाच, पुढची माशी आणि आपला डोळा, एवढ्यावर काम. त्या काळी जर्मनीत चांगल्या दुर्बिणी निघत होत्या. नव्हत्या असे नाही. पण कॉर्बेटचे बहुतेक बार वीस ते साठ पावलांवरचे. तेवढ्या अंतरावर दुर्बिणीत जनावर दिसण्याऐवजी नुसते केस दिसतात. जितके मोठे दिसते तितका दिसणारा तुकडा लहान होतो, आणि तुरीतून पळणारे डुक्कर त्या तुकड्यात सापडेपर्यंत पलीकडच्या शेतात जाते.

तरी दुर्बीण घेणाऱ्याने एक साधे गणित पाठ करावे. दुर्बिणीवर चार आणि बत्तीस असे आकडे असतात. चार म्हणजे वस्तू चौपट दिसते, बत्तीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बत्तीसला चाराने भागले की आठ. एवढ्या जाडीचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, वय झाले की पाचच्या आसपास. म्हणजे संध्याकाळच्या कामाला चारची दुर्बीण भरपूर. उलट नऊपट आणि चाळीस घेतली तर झोत साडेचारच्या खाली येतो आणि झाडाखाली काळे डुक्कर काळेच राहते. दुकानात मात्र नऊपटीचीच भाव खाते. आणि कितीही भारी दुर्बीण घेतली तरी ती रायफलीवर बसवून, ठरावीक अंतरावर कागदावर गोळ्या मारून तिचा नेम जुळवावा लागतो. तो जुळवला नाही तर ती नुसता दागिना.

यापेक्षा मोठी गोष्ट दुर्बिणीत दिसतच नाही. ती म्हणजे जनावराच्या मागे काय आहे. बारा बोअरचे छर्रे पस्तीस-चाळीस मीटरनंतर निकामी होऊ लागतात. बावीस बोअरची ती लहानशी, खेळण्यासारखी गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. कॉर्बेटच्या रिग्बीची तीन किलोमीटरही जाईल. कुमाऊँत समोर डोंगर असतो, चुकलेली गोळी तो पोटात घेतो. आमच्या वणी-मारेगावकडे जमीन अशी की धुऱ्यावर उभे राहिले तर चार शेतांपलीकडचा दिवा दिसतो, आणि त्या दिव्याखाली कोणीतरी जागल करत बसलेला असतो. म्हणून सपाट रानात गोळी मचाणावरून खाली, जमिनीच्या दिशेने सुटली पाहिजे. वाघासाठी असो की डुकरासाठी, मचाणाचा अर्धा उपयोग हाच आहे.

रुद्रप्रयागचा बिबळ्या कॉर्बेटने असाच मारला. बद्रीनाथ-केदारनाथच्या यात्रेच्या वाटेवर त्या जनावराने १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत १२५ माणसे खाल्ली होती. कॉर्बेट महिनेच्या महिने त्याच्या मागे होता. सापळे झाले, विष झाले, पुलावर रात्रीमागून रात्री बसून झाले. शेवटी गुलाबराईला एका आंब्याच्या झाडावर त्याने बैठक मारली. खाली बोकड, त्याच्या गळ्यात घंटा. जवळच्या धर्मशाळेत दीडशे यात्रेकरू निजलेले. १९२६ च्या मे महिन्याच्या आरंभीची काळोखी रात्र. घंटा वाजली. रायफलीला बांधलेला विजेचा दिवा त्याने दाबला, माशी बिबळ्याच्या खांद्यावर आली, बार निघाला आणि दिवा मंद होऊन विझून गेला. लागले की नाही हे कळायला त्याला पहाटेपर्यंत झाडावर बसावे लागले. एक क्षण उजेड, एक गोळी, आणि खाली दीडशे माणसे झोपलेली. त्या एका क्षणासाठी त्याने आधी किती रात्री त्या झाडावर काढल्या, हे कथा वाचताना आपण पटकन ओलांडून जातो.

आमच्या जिल्ह्यालाही अशा रात्रींचा अनुभव आहे. २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ वाघिणीवर, लोक जिला अवनी म्हणू लागले, तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका आला. कॅमेरे आले, हत्ती आले, तिला भुलवण्यासाठी विलायती अत्तरही शिंपडले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती बोराटीजवळ गोळीने मेली, मागे दोन बछडे ठेवून. बेशुद्ध करण्याचा खरा प्रयत्न झाला का, नियम पाळले का, यावर देशभर वाद झडला. त्यात मी पडत नाही. ज्यांच्या घरचा माणूस कापूस वेचायला गेला आणि आला नाही त्यांच्या ओसरीवर बसलो की वाद वेगळा दिसतो, आणि मुंबई-दिल्लीत वेगळा. पण त्या दोन वर्षांत आमच्या भागात किती बंदुका, किती अधिकारी आणि किती टीव्ही कॅमेरे एकाच रानात फिरले ते आठवले, की कॉर्बेटने १९०७ साली घातलेली दुसरी अट मला फार शहाणपणाची वाटते.

कॉर्बेटला सोवळा ठरवण्याचे कारण नाही. त्याने केवळ नरभक्षकच मारले असे मुळीच नाही. पोवळगढचा प्रसिद्ध नर वाघ, ज्याने कोणाचे काही बिघडवले नव्हते, तो त्याने १९३० साली मारला आणि त्याची गोष्ट अभिमानाने लिहिली. व्हाइसरॉयांच्या शिकारींची व्यवस्थाही तो पाहत असे. त्या काळी सरकारच वाघ, बिबळे, लांडगे आणि आपण ज्याला कोळसून म्हणतो तो रानकुत्रा, यांच्या कातड्यांवर बक्षिसे देत होते. उपद्रवी प्राणी म्हणून त्यांची यादी असे. गंमत पाहा, डुकराला आवरणारे हेच प्राणी. ते बक्षीस देऊन मारले, आणि नातवंडांच्या काळात डुक्कर उपद्रवी ठरले. अर्थात डुकरे वाढण्याचे हे एकच कारण नव्हे. पण यादी करणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवायला हरकत नाही.

वयाच्या पन्नाशीनंतर त्याच्या हातात रायफलीपेक्षा सिनेकॅमेरा अधिक दिसू लागला. वाघांची चित्रफीत मिळावी म्हणून तो रानात ओढ्याकाठी आडोसा करून दिवसच्या दिवस बसे. १९३६ साली हेली नॅशनल पार्क झाले, भारतातले पहिले, त्यामागच्या धडपडीत तो होता. आज ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. दुसऱ्या महायुद्धात, सत्तरीच्या उंबरठ्यावर, लेफ्टनंट कर्नल म्हणून त्याने सैनिकांना जंगलात कसे जगावे ते शिकवले. हे शिक्षण चालले ते छिंदवाड्याला, म्हणजे आपल्या विदर्भाच्या उशाशी. विदर्भाच्या एवढ्या जवळ आल्याचा त्याच्या आयुष्यातला हाच प्रसंग मला सापडला. नरभक्षकांच्या कथांचे त्याचे पहिले पुस्तकही १९४४ साली मुंबईतून निघाले.

मात्र शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट रायफलीशी संबंधित नाही. काळाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी नावाचे ओसाड पडलेले गाव त्याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विकत घेतले आणि तिथे कुळे वसवली. जमीन चांगली, पाणी होते, पण चहूबाजूंनी रान. गहू-मका उभा राहिला की डुकरे आणि हरणे येत. गावाचा मालक म्हणजे हिंदुस्थानातला नावाजलेला नेमबाज. घरात रिग्बी, जेफ्री, छर्ऱ्याच्या बंदुका, काडतुसांना तोटा नाही. सगळ्यांना वाटेल की आता डुकरांचे काही खरे नाही.

कॉर्बेटने गावाभोवती दगडाची भिंत घातली. साधारण पुरुषभर उंच, कित्येक किलोमीटर लांब, साऱ्या शेतांना वळसा घालणारी. खर्च स्वतःच्या खिशातून केला. दगड जवळच्या नदी-नाल्यांतून आला. कुळांच्या घरात राखणीला बंदूक होती, पण भरवसा भिंतीवर ठेवला. यामागचे कारण त्याच्या रानातल्या अनुभवात आहे. डुक्कर रात्री येते, कळपाने येते, आणि मेलेल्याची जागा पुढच्या पावसाळ्यात पिले भरून काढतात. एका मादीला एका वेताला चार-सहा पिले होतात. माणूस वर्षभर रात्र जागून गोळ्या घालत राहू शकत नाही. भिंत राहू शकते. जखमी होऊन पळालेले डुक्कर दुसऱ्या दिवशी कापणीला आलेल्या बाईच्या अंगावर येते, हेही त्याने पाहिलेले होते. भिंत कोणाला जखमी करत नाही.

इथे मला बँकेतला माणूस आठवल्याशिवाय राहत नाही. एक चांगली रायफल, दुर्बीण, परवाना, काडतुसे आणि वर पोलीस ठाण्याच्या खेपा यांचा खर्च मांडा, आणि चार शेतकऱ्यांनी मिळून दोन-चार वहितीभोवती केलेल्या जाळीच्या कुंपणाचा खर्च मांडा. दुसरा आकडा सुरुवातीला मोठा दिसतो. पण कुंपण सगळ्या हंगामांत रात्रभर राबते आणि झोपत नाही. एकट्याने केले तर डुकरे शेजाऱ्याकडे वळतात आणि भांडण लागते, म्हणून ते सगळ्यांनी मिळूनच करायचे काम आहे. कॉर्बेटच्या भिंतीचे यश इथेच होते: ती गावाची होती, एका शेताची नव्हती. तारेत सरळ घरची वीज सोडणाऱ्यांनी मात्र हे वाचून खूश होऊ नये. त्या तारेला शेजारचे माणूस चिकटते, आणि ते माणूस आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांनी कोणत्या ना कोणत्या गावात चिकटतेच.

कायद्याचे दोन शब्द सांगायलाच हवेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार या देशात संपली. ससा असो, तितर असो की डुक्कर. पूर्वी कायद्याला एक पाचवी अनुसूची होती. तिच्यात कावळा, उंदीर, वटवाघूळ असे उपद्रवी धरलेले जीव होते. २०२२ च्या दुरुस्तीत तीही गेली. पिकांची नासाडी करणारे रानडुक्कर आणि रोही यांना मारण्याची परवानगी वनाधिकारी देऊ शकतात; राज्य सरकारने २०१५ साली त्यासाठी आदेश काढला. तेव्हा शेतकऱ्याने आधी अर्ज करावा, नुकसानीचा पंचनामा करून घ्यावा, भरपाई मागावी. परवानगी मिळाली तर काम परवानाधारक, सरावलेल्या माणसाकडून करून घ्यावे. बंदुकीचा हौशी मेहुणा बोलावू नये.

१९४७ च्या नोव्हेंबरात कॉर्बेट बहीण मॅगीला घेऊन केनियाला गेला. दोघांचीही लग्ने झाली नव्हती. जाण्याआधी त्याने छोट्या हल्द्वानीची जमीन कसणाऱ्या कुळांच्या स्वाधीन केली. न्येरी गावात एका लहान बंगल्यात दोघे राहिली. १९५२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ जवळच्या ट्रीटॉप्स या झाडावरच्या हॉटेलात मुक्कामाला आली तेव्हा तो सोबतीला होता. त्याच रात्री तिकडे तिचे वडील वारले, आणि झाडावर राजकन्या चढली ती खाली राणी होऊन उतरली. १९ एप्रिल १९५५ रोजी कॉर्बेट गेला. न्येरीलाच त्याला पुरले.

ती रिग्बी पुढे त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे राहिली आणि २०१५ साली पुन्हा रिग्बी कंपनीकडे गेली. २०१६ मध्ये कंपनीने ती कुमाऊँत आणली होती. लोक तिच्यासोबत फोटो काढून घेत होते. काळाढुंगीचे त्याचे घर आता संग्रहालय आहे. तिथून बाहेर पडून छोट्या हल्द्वानीकडे चालत गेले की भिंत लागते. काही ठिकाणी ती ढासळली आहे, काही ठिकाणी दगड घरे बांधायला गेले. पण बऱ्याच लांबीवर ती अजून उभी आहे आणि आतल्या बाजूला गहू पिकतो.